त्या पोरीचा देव

“म्हणजे तो माणूस माझ्या एंजलच्या शेजारी बसणार?”

चर्चमागच्या खोलीत रेव्हरंड स्टीफन झगा काढत होते. एक बाही निघाली होती, दुसरी हातातच राहिली. दारात दयाबाई पाटोळे उभ्या होत्या.

“मावशी, बसा ना.”

“बसायला नाही आले मी. तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर सांगितलंत, नरक कायमचा नाही, शेवटी देव सगळ्यांना घरी आणणार. सगळ्यांना म्हणजे त्यालाही?”

स्टीफनसाहेबांना नगरशेजारच्या भिंगारला येऊन वर्षही झालं नव्हतं. पण दयाबाईंची मुलगी श्रीगोंद्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली गेली आणि ट्रॅक्टरवाला प्यालेला होता, हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. ते जपून बोलले.

“देवाचा क्रोध खोटा नाही, मावशी. आगही खोटी नाही. पण ती सोनाराच्या मुशीतल्या आगीसारखी असावी असं मला वाटतं. राख करायला नाही, गाळ काढायला. त्या माणसाला आधी एंजलसमोर उभं राहावं लागेल.”

“आणि तिला त्याचं तोंड बघायचं नसेल तर?”

पाळकसाहेबांनी अडकलेली बाही सोडवली आणि झगा खुर्चीवर ठेवला. दयाबाई छत्री उचलून उन्हात निघाल्या. वाटेत चर्चच्या मंडळीतल्या दोघांनी थांबवून म्हटलं, ही शिकवण चुकीची आहे, आपण वर बिशपांकडे तक्रार करू. त्या थांबल्या नाहीत.

उभी हयात त्यांनी नर्सची नोकरी केली. एंजल गेली तेव्हा ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढं कोर्टात साक्षीदार फिरले आणि ट्रॅक्टरवाला गहिनीनाथ सुटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दयाबाईंचे यजमान शलमोन गेले. मंडळीतली माणसं सुरुवातीला यायची, बसायची. पण एंजलचं नाव निघालं की दयाबाई गप्प होत, म्हणून लोकांनी नाव घेणं सोडलं, आणि मग येणंही.

राहिला फक्त नरक. आधीचे म्हातारे पाळक न विझणाऱ्या अग्नीवर बोलू लागले की बाकीचे चुळबुळ करायचे. दयाबाई मात्र ताठ बसून ऐकायच्या. कोर्टात सुटला, तिथं सुटणार नाही. या एका भरवशावर त्यांनी एकटीनं दहा-अकरा वर्षं काढली होती. आता हा कालचा मुलगा येऊन तोही काढून घेत होता.

त्याच आठवड्यात फोन आला.

“बाई, मी रतनबाई. त्या ट्रॅक्टरवाल्याची मंडळी.”

आवाज ओळखीचा होता. तारखांना दोघी कोर्टाबाहेरच्या एकाच बाकावर बसायच्या, दोन टोकांना.

“आमचं मालक गेलं. काल दहावा झाला. वकिलाकडनं नंबर घेतला तुमचा. कळवावं वाटलं.”

“बरं,” दयाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी चहा केला आणि आनंदाची वाट बघत बसल्या. आनंद काही आला नाही. ज्याच्याशी रोज भांडायचं तो शेजारीच गाव सोडून गेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी श्रीगोंद्याची एसटी धरली. कशाला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

कोर्टाच्या कागदांवरच्या पत्त्यावर घर सापडलं, उसाच्या कडेला, पत्र्याचं. रतनबाईनं दारात त्यांना पाहिलं आणि चटई अंथरली.

“कशानं गेला?” दयाबाईंनी विचारलं.

“लिवर. पोट फुगलं हुतं. शेवटी मानूस वळखंना.”

“दारू सोडली नाही?”

“न्हाई. आदी हौसंनं प्यायचा, मंग भ्यानं.”

“कशाच्या?”

रतनबाई चटईची काडी उपटत राहिली. “तुमच्या पोरीच्या. म्हनायचा, समद्या देवांच्या पाया पडलो, पर त्या पोरीचा देव येगळा हाय. आपला देव त्याच्यापाशी जाऊन काय बोलनार?” ती थांबली. “दहाव्याला कावळा लगीच शिवला. लोक म्हनली, सुटला. मला न्हाई पटलं. म्हनून इचारते, बाई. तुमचा देव सोडंल का त्याला?”

उत्तर दयाबाईंच्या जिभेवर तयार होतं. इतकी वर्षं पाठ केलेलं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर रतनबाईच्या उजव्या मनगटावर गेली. हाड मोडून वाकडं जुळलं होतं.

“हे त्यानं केलं?”

“व्हय.”

“आणि तरी तुम्ही विचारता?”

“म्या भोगलं त्ये भोगलं. जळावा बी वाटायचं. पर कायमचं?” रतनबाईनं मान हलवली. “कायमचं लई हुतं, बाई.”

उसातून वारं जात होतं.

“देवाचं मला नाही सांगता येत,” दयाबाई शेवटी म्हणाल्या. “आमच्यातच दोन मतं आहेत. एंजलचं सांगते.”

किती तरी वर्षांनी हे नाव त्यांनी दुसऱ्या माणसापुढं उच्चारलं होतं.

“घरात भांडण झालं की ती बोलायची नाही. पण जेवायची वेळ झाली की ज्याच्याशी भांडण, त्याचंच ताट आधी मांडायची. तोंड वळवून मांडायची, पण मांडायची. तुमचा माणूस तिच्या दारात गेला असेल तर ती तोंड वळवील. खूप दिवस वळवील. पण त्याला उपाशी नाही ठेवणार.”

बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, ही गोष्ट आपल्याला इतक्या वर्षांत आठवलीच नव्हती. रोज आठवायचा तो ट्रॅक्टर, त्याच्या दोन ट्रॉल्या आणि तो माणूस. पोर मागंच राहून गेली होती.

रतनबाईनं पदर तोंडाला लावला. “तेवडं बास,” ती म्हणाली.

चहा झाला. रतनबाई त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आली. मोकळं वगैरे काही दयाबाईंना वाटत नव्हतं. ज्या रागाशी इतकी वर्षं संसार केला, तो त्या पत्र्याच्या घरी ठेवून आल्या होत्या, आणि आता घरी जाऊन काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

एसटी आली. रतनबाईनं त्यांच्या कोपराला धरून वर चढवलं, ते त्या वाकड्या हातानंच.

“किती?” कंडक्टरनं विचारलं.

“एकच. नगर.”

खिडकीशी बसल्यावर शेजारच्या सीटवर ठेवलेली पिशवी त्यांनी उचलून मांडीवर घेतली, कुणाला बसायला जागा व्हावी म्हणून. नगर येईपर्यंत तिथं कुणी बसलं नाही. पिशवी त्यांनी मांडीवरच धरून ठेवली.