ओटा म्हंजे ओटा

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं आणि आमच्या वडीगोद्रीच्या घरात एकाएकी सगळ्यांना अक्कल फुटली. चहाचं पातेलं कुठं असतं हे ज्यांना माहीत नाही, ते मला शेगडी कुठं ठेवायची ते सांगू लागले. माझा नवरा बिभीषण मोबाइलवर जांभळ्या काचेची कपाटं दाखवत हिंडायचा. पोरगी मोनिका हिला छतात गोल दिवे हवे होते. सासूबाई गोपिकाबाई यांचं एकच, स्वयंपाक करणारीचं तोंड उगवतीला पाहिजे. माझं तोंड कुठंही करा, फक्त कंबर वाचवा, एवढंच मी म्हणत होते. पण ऐकतो कोण!

मी उंच आहे. लग्नात फोटोवाल्यानं मला खुर्चीवर बसवूनच सगळे फोटो काढले होते. आणि या घरातला गॅसचा कट्टा इतका बुटका की भाकरी थापायची तर अर्धं अंग मोडून उभं राहावं लागतं. सकाळी शेळ्यांचं पाणी, मोनिकाचा डबा, मोसंबीच्या बागेत जाणाऱ्यांची न्याहारी, आणि त्यानंतर माझी अंगणवाडी. हे सगळं वाकून. कमरेत चमक निघाली की अंगणवाडीतलं लेकरू उचलताना मलाच कुणीतरी उचलावं असं वाटतं. शहागडच्या डॉक्टरांनी वाकणं बंद करा म्हणून बजावलं. घरी येऊन सांगितलं, तर बिभीषण म्हणाला, "मंग वाकू नको."

कट्टा उंच करा म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "आईच्या मापाचा हाय तो. तिला काय वाटंल?" सासूबाई ठेंगण्या. त्या तिथंच बसलेल्या असायच्या, काही बोलायच्या नाहीत. मी ते नाराजीचं गप्प बसणं समजत होते.

शेवटी भांडून, दोन दिवस अबोला धरून मी त्याच्याकडून कट्टा उंच करायचं कबूल करून घेतलं. तेवढ्यात माझं जालन्याला मुक्कामी प्रशिक्षण निघालं. भिंतीवर खूण करून जायचं होतं, पण मिस्त्री रामकिसन यायच्या आत एसटी आली. जालन्याहून मी फोन केला. "हे बघा, ओटा माझ्या कमरेच्या जरासा वर आला पाहिजे. माझी उंची तुम्हाला माहीत आहे. वरून कडप्पा टाका."

"बराबर. तू बिलकुल टेन्शन घेऊ नको," बिभीषण म्हणाला.

तिथंच माझं चुकलं. माझं माहेर भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाई. आमच्याकडं स्वयंपाकघरातला तो ओटा. इकडं त्याला गॅसचा कट्टा म्हणतात, आणि ओटा म्हणजे दाराबाहेरचा, बसायचा. गावातला रस्ता उंच झाल्यापासून पावसाचं पाणी त्या बाहेरच्या ओट्यावर यायचं, त्यामुळं तोही नवा करायचा होताच.

परत आले तर दाराच्या उजव्या अंगाला भिंतीला लागून माझ्या कमरेच्या जरासा वर, गुळगुळीत काळ्या कडप्प्याचा, देखणा ओटा उभा. त्याच्यावर बसायचं तर शिडी लागली असती. आत नुकत्याच बसवलेल्या फरश्या ओल्या, आणि बुटका कट्टा जसाच्या तसा.

"ह्याच्यावर मांजर बी चढून न्हाई राह्यलं," सासूबाई पायरीवर बसून म्हणाल्या.

माझ्या डोक्याची शीर तडकली. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

"तूच म्हनली ना, ओटा उंच पाहिजे! कट्ट्याचं तर नावबी न्हाई काढलं. रामकिसननं मला इचारलं, भाऊ, कोन्ता ओटा? मी म्हनलं, ओटा म्हंजे ओटा!"

"आणि माझ्या कमरेचं माप? बसायच्या ओट्याला कमरेचं माप कशाला लागतं?"

"मला वाटलं, जालन्यात काही नवीन शिकली आसशील."

हसावं की रडावं कळेना. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू. ज्याला ओटा म्हटलं की आपण बसतो तेवढंच आठवतं, त्याच्याशी काय भांडायचं?

सकाळी आत सिमेंट ओलंच होतं. चिडून मी शेगडी बाहेर आणली, सिलिंडर गडगडवत आणलं, परात आदळली आणि त्या ओट्यावरच भाकरी थापायला घेतली. रस्त्यानं जाणारे बघत होते. बघू देत. पहिली भाकरी झाली, दुसरी झाली, टोपली भरत आली, आणि मग लक्षात आलं की माझी पाठ सरळ आहे. कंबर कुठं आहे याची आठवणसुद्धा झाली नव्हती. इतका आनंद झाला की तव्यावरची भाकरी करपली.

तेवढ्यात रामकिसन घण घेऊन आला. बिभीषणनं बोलावलं होतं, ओटा फोडायला.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"आगं पन मंग आम्ही बसायचं कुठं?" बिभीषण कळवळून म्हणाला.

मी उलथनं खाली ठेवलं. "तुम्ही बसायचं कुठं याची पंचाईत एका दिवसात पडली. मी उभं कुठं राहायचं, हे या घरात कधी कुणी विचारलं का?"

त्याचं नेहमीचं निघालंच. "पन तो कट्टा आईच्या मापाचा..."

"मह्या मापाचा कोन म्हनलं?" सासूबाई पायरीवरून उठल्या. "तुहा बाप अन् मिस्त्री बाहीर च्या पीत बसले, अन् आत अंदाजानं बांधून मोकळे झाले. मी बी वाकूनच रांधलं. मह्या कमरेचं काय झालं, दिसून न्हाई राह्यलं का तुला?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्या बुटक्या आहेत असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या वाकलेल्या होत्या.

"मग आत्याबाई, बोलला का नाहीत?" मी सासूबाईंना विचारलं.

"मला कोनी इचारलं?"

रामकिसन घण हातात धरून तसाच उभा. "भाऊ, मंग कोन्ता फोडू?"

बिभीषणनं तोंड उघडलं.

"तू गप," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरून मला आत नेलं, ओल्या फरशीवरून, भिंतीपाशी. "सरळ उभी ऱ्हा. रामकिसन, हिचं माप घे. जल्दी कर, भाकरी थंड व्हून राह्यल्या."