घाटातला एका हाताचा चार्जर

मित्रांनो, घाट चढताना एक मोठं वळण लागतं. तिथे एक लहानसं उपाहारगृह आहे आणि त्याच्या भिंतीशेजारी एक उंच, फिकट पडलेला खांब उभा आहे. कोणी त्याला मशीन म्हणतं, कोणी डबा म्हणतं, आणि घाईत असलेले लोक काय काय म्हणतात ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही. तो खांब म्हणजे मी. विजेच्या गाड्यांना वीज देणारा एक जुना चार्जर. जुना म्हणजे अगदी पणजोबांच्या काळातला नव्हे हं! पण आमच्यात म्हातारपण लवकर येतं, आणि घाटातल्या वाऱ्यापावसात उभं राहावं लागलं तर आणखी लवकर येतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात जाड तारा बसवल्या, अंगावर पांढरा रंग चढला, आणि दोन्ही बाजूंना दोन लांब केबली लावल्या. केबलीच्या टोकाला जी मूठ असते तिला सगळे गन म्हणतात. मी तिला हात म्हणतो. मला दोन हात होते मित्रांनो, हे लक्षात ठेवा. शेवटची तपासणी करणाऱ्या एक बाई होत्या. यंत्र पास झालं की त्या त्याच्या पाठीवर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "जा बाळा, नाव काढ." माझ्या भावंडांना मोठमोठ्या दुकानांच्या तळघरात जागा मिळाली. वर छप्पर, खाली फरशी, ना ऊन ना पाऊस. मला मात्र ट्रकमध्ये घालून घाटात आणलं. मी मनात म्हटलं, झालं! हे माझ्याच नशिबी यायचं होतं!

पण इथे आल्यावर कळलं, की या सगळ्या घाटात माझ्याआधी कोणीच नव्हतं. विजेच्या गाडीवाले डोंगर टाळून लांबच्या रस्त्याने जायचे. मग मला वाटलं, छे, तळघरात काय ठेवलंय? खरं काम इथेच आहे.

पहिल्या दिवशी माझी काय वट होती म्हणून सांगू! फीत कापली, टाळ्या वाजल्या. एका साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. नंतर ते कधीही फिरकले नाहीत, पण फोटो छान आला होता असं ऐकलं.

त्यानंतरची वर्षं कामाची होती, आणि मी ती मजेत काढली. चढावर गाडीची बॅटरी भराभर उतरते. माझ्याजवळ पोचेपर्यंत माणसांचे चेहरे बघण्यासारखे झालेले असायचे. बॅटरी वाचवायची म्हणून हीटर बंद, गाणी बंद, काही जणांच्या तर गप्पासुद्धा बंद! थंडीत अंगावर घोंगड्या ओढून बसलेली अख्खी कुटुंबं मी पाहिली आहेत. गाडी थांबली की आधी भांडण व्हायचं. "मी खालीच म्हणत होते, भरून घे म्हणून!" "अगं, पण पोचलो ना?" मग मी एक हात पुढे करायचो, पडद्यावर हिरवा दिवा लागायचा आणि दोघांच्याही जिवात जीव यायचा. थोड्या वेळाने तेच दोघं एका कपातला चहा पीत दरी बघत उभे असायचे.

हा चहा उपाहारगृहाच्या मालकीणबाईंचा. त्यांना सगळे मामी म्हणतात. मामींचा आवाज खणखणीत, आणि तोंड एकदा सुरू झालं की आवरत नाही. पण मन लोण्यासारखं. माझा पडदा धुळीने भरला की त्या स्वतःच्या पदराने पुसतात आणि म्हणतात, "बघ, कसं ध्यान झालंय तुझं!" असं प्रेमाने बोलणारं घाटात दुसरं कोणी नाही.

माझ्या दुःखाची सुरुवात एका टेम्पोने झाली. सामान उतरवून तो मागे येत होता. मामी ओरडल्या, "अरे थांब, थांब!" पण तोवर माझा डावा हात चाकाखाली गेला होता. कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने पाहिलं, चुकचुकला, तुटलेल्या टोकावर एक काळी प्लास्टिकची पिशवी बांधली आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यात नवीन आणून बसवतो."

मी वाट पाहिली. पुढचा आठवडा आला आणि गेला. पावसाळा गेला, थंडी गेली. पिशवी उन्हाने विटली, तेव्हा मामींनी नवी बांधली. मेकॅनिक काही आला नाही. आणि मित्रांनो, सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की लोकांच्या फोनमधल्या नकाशावर माझे दोन्ही हात शाबूत आहेत असंच दिसत राहिलं. लोक दोन हातांच्या भरवशावर घाट चढायचे आणि वर येऊन पिशवी पाहायचे. मग शिव्या मला!

आता एका दुपारची गोष्ट सांगतो. धुकं उतरू लागलं होतं. एक पांढरी गाडी माथ्याकडून आली. त्यातून गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक काका उतरले. पक्षी बघायचा त्यांना भारी नाद. माणूस सभ्य होता. त्यांनी गाडी मला जोडली, चहा घेतला, आणि काचेमागे एक पाटी नीट उभी करून ठेवली. 'गाडी काढायची असल्यास या नंबरवर फोन करा.' मग कुलूप लावून ते पायवाटेने धुक्यात निघून गेले.

ती पाटी पाहून मी कपाळाला हात लावला असता, पण एक हात कामात होता आणि दुसरा पिशवीत. अहो काका, या वळणावर फोनला रेंज कुठे आहे! रेंज मिळते ती पार खाली, पुलाजवळ. शहरातली चांगली सवय त्यांनी घाटात आणली, पण घाट काही शहर नव्हे.

काकांची गाडी भरत आली आणि तेवढ्यात खालून एक निळी गाडी धापा टाकत आल्यासारखी हळूहळू वळणावर आली. आत नवरा-बायको. मागच्या सीटवर लहान मुलांसाठी असते तशी एक कोरी करकरीत खुर्ची, अजून तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. खुर्चीत मूल मात्र नव्हतं.

बाई उतरली, माझ्याकडे आली आणि पिशवी पाहून जागीच थिजली. "अरे, हा तुटलाय! फोनवर तर एक रिकामा दाखवत होता."

नवऱ्याने पांढऱ्या गाडीवरची पाटी पाहिली, फोन लावला, फोन उंच धरून रस्ताभर फिरला. "रेंजच नाही!" त्याने माझ्या उजव्या हाताची मूठ धरून ओढून पाहिली. पण गाडीला कुलूप असलं की माझा हात तिच्यातून सुटत नाही. मी तरी काय करणार?

मामी बाहेर आल्या. "काय झालं? एवढी कसली घाई आहे? बसा, चहा घ्या."

"मामी, चहा नको," बाई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "डोंगरापलीकडच्या बालगृहात आमची मुलगी आहे. म्हणजे आजपासून आमची. चार वर्षांची आहे. आज तिला घरी न्यायचं ठरलंय. याआधी दुसरं एक जोडपं तिला न्यायला येणार होतं. ते येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. ती दिवसभर बूट घालून पायरीवर बसली होती. रात्री झोपतानाही बूट काढू देईना. तिथल्या ताईंनी सकाळी फोन करून सांगितलं, की आजही ती उठल्यापासून बूट घालून पायरीवर बसलीय. म्हणाल्या, काही झालं तरी आज याच. आणि माथ्यावरचं रस्त्याचं फाटक संध्याकाळी बंद होतं ना?"

"होतं," मामी म्हणाल्या. "धुक्यात दरड दिसत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत बंद करतात. मग सकाळशिवाय उघडत नाहीत."

मित्रांनो, माझ्या पोटात एवढी वीज होती की दहा गाड्या डोंगरापलीकडे गेल्या असत्या. आणि ती द्यायला माझ्याकडे एक मोकळा हात नव्हता. त्या दिवशी मला त्या मेकॅनिकचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता.

"काका गेले कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय सांगून गेलेत?" मामी म्हणाल्या. "इथून तीन वाटा फुटतात. या धुक्यात कुठे शोधणार?"

नवरा गाडीत बसला आणि हॉर्नवर हात दाबून धरला. मामींनी डोकं हलवलं. "अहो दादा, या वळणावर प्रत्येक गाडी हॉर्न वाजवते. दिवसभर तेच चालतं. त्या हॉर्नकडे कोण लक्ष देतंय?"

मग मामी एकदम थांबल्या. "दुर्बीणवाला ना तो? पक्षी बघतोय ना?" असं म्हणून त्या आत धावल्या आणि त्यांचं सगळ्यात मोठं पातेलं घेऊन बाहेर आल्या. बाईच्या हातात दोन झाकणं दिली, नवऱ्याच्या हातात परात आणि लाटणं. "वाजवा! जोरात वाजवा! एकही पाखरू झाडावर राहता कामा नये!"

आणि काय सांगू तुम्हाला! पातेलं, परात, झाकणं, सगळ्यांनी मिळून असा काही दणदणाट केला की माझा पत्रा थरथरला. रडणारी ती बाई झाकणं आपटता आपटता मध्येच हसायला लागली. झाडांतून थवेच्या थवे उडाले. आणि थोड्याच वेळात मधल्या वाटेने दुर्बीणवाले काका तरातरा खाली येताना दिसले, रागाने लालबुंद झालेले.

"कोण आहे रे तिकडे? तासभर श्वास रोखून बसलो होतो! आता कुठे तो फांदीवर येत होता, आणि तुम्ही..."

"काका, तुमची गाडी काढा," मामी म्हणाल्या.

"मग फोन करायचा! मी नंबर ठेवलाय ना!"

"इथे रेंज नाही हो काका," बाई हळूच म्हणाली.

काकांनी खिशातून फोन काढला, पाहिला आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. मग त्यांची नजर निळ्या गाडीतल्या त्या कोऱ्या खुर्चीवर गेली. मामींनी त्यांना सगळं सांगितलं, आणि मामी सांगतात म्हणजे जरा जास्तच सांगितलं. काकांनी लगेच कुलूप उघडलं आणि माझा हात सोडवून स्वतः बाईच्या हातात दिला. "माझी भरलेलीच होती," ते म्हणाले. "मला तर उतारावरूनच जायचंय, उगाच अडवून ठेवली. तुम्हीही पूर्ण भरत बसू नका. माथ्यापर्यंत पुरेल एवढीच भरा. पुढे सगळा उतार आहे, उतारावर गाडी स्वतःच थोडी भरून घेते."

मी जीव तोडून वीज दिली. तेवढ्यात काकांनी बालगृहाचा फोन नंबर लिहून घेतला. "मी खाली चाललोय. पुलाजवळ रेंज आली की सगळ्यात आधी फोन करून सांगतो, की तुम्ही निघालात, वाटेत आहात." आणि ते निघालेसुद्धा, राहिलेला पक्षी न बघता. निळी गाडीही थोड्या वेळाने धुक्यात वर गेली. तिचे मागचे लाल दिवे दिसेनासे झाले तरी मामी रस्त्यातच उभ्या होत्या. फाटक बंद झालं असतं तर गाडी परत आली असती. अंधार पडला, गाडी आली नाही. तेव्हा कुठे मामी आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी निळी गाडी माथ्याकडून आली. लख्ख ऊन होतं. मागच्या खुर्चीवरचं प्लास्टिक काढलेलं होतं आणि तिच्यात एक बारीकशी मुलगी बसली होती, पायात लाल बूट. मामींनी तिला दूध दिलं. आईने सांगितलं, "काकांचा फोन पोचला होता. ताईंनी तिला सांगितलं, ते वाटेत आहेत. आम्ही पोचलो तेव्हा अंधार झाला होता. ही पायरीवरच होती. आम्हाला बघून तिने नुसते पाय पुढे केले. मी बूट काढले, मग झोपली."

मुलगी माझ्याजवळ आली. तिने माझ्या डाव्या हातावरची पिशवी चाचपून पाहिली. "याला काय झालंय?"

"तुटलाय गं तो," मामी म्हणाल्या. "दुरुस्त करणार आहेत. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत."

मुलीने मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बाकीच्यांना ते पाहणं कळलं नसेल, मला कळलं. मग तिने पिशवीची सुटलेली गाठ आपल्या इवल्या बोटांनी घट्ट बांधली आणि मला हळूच म्हणाली, "येतील हं."

मित्रांनो, तेव्हापासून मामींनी भिंतीला एक जुनं पातेलं आणि लाटणं टांगून ठेवलंय. गाडी लावून जाणारा प्रत्येक जण मामींना सांगून जातो, की मी अमुक वाटेने चाललोय, पातेलं वाजवा, येतो. तुम्हीही कधी या घाटाने आलात तर तेवढं करा. गरजेपुरती वीज घ्या आणि मागच्याला जागा द्या. मागच्या गाडीत कोण बसलंय आणि कोणाकडे चाललंय हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? आणि कोणाला 'येतो' म्हणालात तर जा रे बाबांनो. जमणार नसेल तर निदान तसं कळवा.

माझा डावा हात अजून पिशवीतच आहे. मेकॅनिकने सांगितलेला पुढचा आठवडा अजून उजाडलेला नाही. माझे बूट सिमेंटचे आहेत, जमिनीत पक्के रोवलेले. ते घालून मी पायरीवर बसलोय.