हातात राहिलेली रांग

मी एक प्रोग्राम बोलतोय, उण्यापुऱ्या बावीस ओळींचा. मला तोंड नाही हे बरंच आहे. असतं तरी ते दाखवायला मी जागा ठेवलेली नाही.

परिचारिका प्रशिक्षण केंद्राच्या ऑफिसात माझा जन्म झाला. संगणकाचं काम बघणाऱ्या मॅडमनी एका दुपारी, चहा निवेपर्यंत, मला लिहून काढलं. प्रवेश परीक्षेत पास झालेल्यांचे नंबर ओळीने घ्यायचे आणि सलग असतील तेवढे एकत्र बांधायचे, एवढंच माझं काम. ११, १२, १३, १४ आले की फलकासाठी छापायचं, ‘११ ते १४’.

नंबर सलग येतील तोवर रांग हातात धरायची. मध्ये खंड पडला की ती छापायची आणि नवी धरायची, ही माझी रीत. मॅडमनी यादीचा वरचा भाग तपासला. “गुणाचा आहे हो माझा,” म्हणाल्या. मी फुशारलो.

पण शेवटच्या रांगेनंतर खंड पडत नाही, यादीच संपते. ती रांग मी कधी छापलीच नाही. दरवर्षी ती हातात धरून खुशाल झोपी गेलो.

आणि शेवटचे नंबर कुणाचे? शेवटच्या दिवशी फॉर्म भरणाऱ्यांचे. घरचं उरकून, सासूची समजूत काढून, ‘भरू की नको’ करत धापा टाकत येणाऱ्या बायकांचे.

कुणी तक्रारही केली नाही. गुणपत्रिका मिळायची ती फक्त फलकावर नंबर असलेल्यांना, आणि नापास झालेलं माणूस जाब विचारायला येत नाही, मान खाली घालून मागच्या गल्लीने घरी जातं. त्यांच्या लाजेवर माझी अब्रू टिकून होती.

चौथ्या वर्षी एक मावशी खिडकीशी आल्या. दवाखान्यात आया होत्या. तीनदा परीक्षेला बसलेल्या, तिन्ही वेळा शेवटच्या तासाला फॉर्म भरून.

“मॅडम, भांडायला नाही आले. आता वयातही बसत नाही. फक्त सांगा, माझं चुकतं कुठं? पोरगी म्हणते, आई, तुझं डोकंच नाही त्यात.”

मॅडमनी गुण उघडले. पहिल्या वर्षी एकाहत्तर, मग चौऱ्याहत्तर, मग ऐंशी. पासाला पन्नास लागत.

मॅडमनी तिन्ही याद्यांचा शेवट मी छापलेल्या फलकाशी ताडून पाहिला. मग उठून बाहेर आल्या. “मावशी, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं.”

“म्हणजे मी तिन्ही वेळा पास होते?” मावशींनी एकदा नाही, चारदा विचारलं.

मॅडमनी मला तेविसावी ओळ जोडली: यादी संपली तरी हातातली रांग छाप. वरिष्ठांपुढे चूक कबूल केली, वयाची अट शिथिल करून घेतली. मावशी आज पोरीच्या वयाच्या मुलींबरोबर वर्गात बसतात.

पण मागच्या याद्यांतून आणखी अकरा जणी निघाल्या. सगळ्यांना पत्रं गेली. एकीचं उत्तर आलं: “आता हात थरथरतात, सुई धरवणार नाही. पण पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.”

आता मी दरवर्षी शेवटची रांग न चुकता छापतो. तरी एक मागणं आहे. यादीत तुमचा नंबर दिसला नाही, तर माझ्यासारख्यावर विश्वास ठेवून मुकाट्याने घरी जाऊ नका. खिडकीशी या आणि विचारा.