तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

बायकोवर माया करावी तर लोटूसारखी, असं डिंडोलीच्या त्या लूम कामगारांच्या सोसायटीत सगळेच म्हणायचे. त्याच्या छायाला वर्षभरापूर्वी फुप्फुसांचा आजार निघाला. लाखात एखाद्याला होणारा. नाव एवढं लांब, की लोटू ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचा. फुप्फुसं हळूहळू कडक होतात आणि चाललं की धाप लागते, एवढं त्याला समजलं. मग त्यानं ठरवूनच टाकलं, की छायाला चालूच द्यायचं नाही! पाण्याचा ग्लास हातात, ताट खाटेवर; घरबसल्या ती साड्यांचे धागे कापायची, तेही बंद. दवाखान्यात न्यायचं तर शेजारचे चौघे तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवत. बघणारे हात जोडत आणि लोटूची मान ताठ होई. वाचकहो, आपण तरी दुसरं काय केलं असतं?

वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांनी छातीचे जुना आणि नवा असे दोन्ही फोटो शेजारी ठेवले. आजार होता तिथंच होता. लोटूला हायसं वाटलं. तिथून त्यांना व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथं व्यायाम शिकवणारी धनश्री मूळची अमळनेरची. वयानं लहान, पण नजर करडी.

"छायाताई, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठा बरं."

छाया पुढे झुकली. पुन्हा झुकली. उठता येईना! अडतीस वर्षांची बाई, पाय लटलट कापले आणि ती मागे पडली. मग धनश्रीनं तिला एका नळीतून जोरात श्वास आत ओढायला लावला आणि आकडा पाहिला. या वयाच्या बाईच्या निम्मासुद्धा नव्हता.

"म्हणजे आजार वाढलाच ना?" लोटू घाबरला.

"नाही. पायांतलं बळ गेलंय आणि श्वास ओढणारे स्नायू दुबळे झालेत. घरी या काय काय करतात?"

"काहीच नाही!" लोटू अभिमानानं म्हणाला. "ग्लाससुद्धा उचलू देत नाही मी."

धनश्रीनं पेन खाली ठेवलं. "दादा, आजारानं पाडलं नाही तेवढं यांना तुम्ही पाडलंय."

लोटूला कुणी भर बाजारात कानाखाली वाजवल्यासारखं झालं. वर्षभर ज्याला सेवा म्हटलं, त्यालाच ही पोरगी गुन्हा म्हणत होती!

"तुमचं मनगट वाकडं दिसतंय," ती म्हणाली.

"लूममध्ये सापडला होता हात. दीड महिना प्लास्टर होतं."

"प्लास्टर काढल्यावर कसा होता हात?"

लोटूला आठवलं. काडी झाली होती हाताची. पाण्याचा तांब्या उचलताना घाम फुटला होता.

"दीड महिन्यात धडधाकट माणसाचा हात तसा झाला. तुम्ही तर अख्ख्या बाईला वर्षभर प्लास्टर घातलंत, दादा!"

तो छायाकडे वळला. "तू तरी बोलायचं ना!"

"सुरुवातीले तुम्ही कामावर गयात का मी उठी फिरू," छाया खाली बघत म्हणाली. "एक दिन तुम्ही देखं आनि रडू लागनात. मंग बंद करं."



धनश्रीनं एक छोटं यंत्र काढलं. नाकाला चिमटा लावायचा आणि त्यातून श्वास आत ओढायचा. आतली स्प्रिंग श्वासाला अडवते. लोटू चमकला. ज्याला धाप लागते त्याचाच श्वास अडवायचा? ही कसली उलटी गंगा!

"स्नायूला ओझं दिल्याशिवाय तो बळकट होत नाही, मग तो दंडाचा असो की श्वासाचा," धनश्री म्हणाली. "थोडंच ओझं, रोज दोनदा. सोबत चालणं आणि उठबस. बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावायचं. मी सांगितलेल्या आकड्याखाली गेला की थांबायचं. आजार बरा होईल, असं खोटं सांगणार नाही. पण आहे त्या फुप्फुसांवर बाई चालू शकते."

पहिले पंधरा दिवस लोटूलाच सोसवेना. छाया घरातल्या घरात फेऱ्या मारायची, हा तोंड फिरवून बसायचा. महिन्यानं तिनं स्वतः चहा केला. तो कप हातात घेताना लोटूचे डोळे भरून आले. पुढे धनश्रीच्या देखरेखीखाली ती दवाखान्याचा जिनाही चढू-उतरू लागली.

श्रावणात घरोघरी बसणारी कानबाई देवी आली. गेल्या साली छायानं खाटेवर पडूनच खालचे ढोल ऐकले होते. विसर्जनाच्या सकाळी तिनं नऊवारी नेसली आणि दारात उभी राहिली. चौघे शेजारी खुर्ची घेऊन धावले.

"खुर्ची ठेवा! कोनी हात नका लावा!" लोटू ओरडला.

"येडा व्हयना का तू?" शेजारचा धुडकू संतापला. "ती मरी जाई ना, भो!"

"मी उतरसु," छाया म्हणाली.

एक पायरी. थांबली. दुसरी. बोटावरचा आकडा बघितला, श्वास घेतला, तिसरी. अख्खा जिना श्वास रोखून बघत होता. सावकाश श्वास घेत होती ती एकटी छायाच! वर दारातच थांबलेल्या लोटूचे हात तिला धरायला शिवशिवत होते, ते त्यानं मुठी आवळून मागे बांधले. वीस मिनिटं लागली. शेवटच्या पायरीवरून ती अंगणात उतरली, कानबाईपुढे वाकली आणि आपली आपण उठली.

मग तिनं वर पाहिलं आणि हसली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत, लोटू ओक्साबोक्शी रडत बसला होता.

मंडळी, आपल्याही घरात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या हातातला ग्लास आपण प्रेमानं काढून घेतला आहे. डॉक्टरांना विचारा, जपून करा. पण तो ग्लास त्याला परत द्या. आजारी माणसाला उचलून नेणं सोपं असतं. तो चालत असताना हात आवरून उभं राहणं, हीच खरी माया!