दोन काचा

रक्त तपासायच्या रंगाची नवी बाटली उघडली की नंदा आधी स्वतःचं बोट टोचायची. तालुक्याच्या वाशी गावातल्या त्या एवढ्याशा लॅबमध्ये निरोगी रक्त म्हणून दुसरं कुणाचं धरायचं? त्या दिवशीही तिनं आपल्या थेंबाची काच रंगवली. रंग नीट चढला होता. मग शिवरंजनीची काच भिंगाखाली घेतली.

पोरगी तेरखेड्याची, सहा वर्षांची. दोन महिने लोहाचं औषध पिऊन पांढरीफटकच. पायांवर निळे डाग. रक्त कमी आहे, एवढंच सगळे म्हणत होते. काचेवर मात्र तांबड्या पेशी विरळ आणि त्यांच्यात मोठाल्या, जांभळ्या, कोवळ्या पेशींची दाटी. हाडांच्या मगजात राहणाऱ्या ह्या पेशी अशा रक्तात उतरायलाच नकोत. नंदाला काहीच वाटलं नाही. हात आपलं काम करत राहिले. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आजच सोलापूरला पाठवा. आजाराचं नाव तुम्ही सांगू नका, तिथं सांगतील."

बाहेर सिद्धाराम लेकीला मांडीवर घेऊन बसला होता.

"दिवाळी झाली की जातो की, ताई. ऐन हंगामात सुट्टी घेतली तर फटाक्याच्या कारखान्याचा मालक पुन्हा दारात उभं करायचा न्हाय."

"दादा, थांबायचा आजार न्हाय हा."

"रक्तच कमी हाय नव्हं? गूळ-शेंगदाणे चारतो. तुमी लॅबवाले लई भ्या दाखवता बगा."

नंदानं त्याला आत बोलावलं. आधी आपली काच लावली. "ही माझी."

त्यानं एक डोळा मिटला. "गुलाबी ठिपकेच ठिपके. मधीच एखादा जांभळा."

तिनं काच बदलली. "ही रंजीची."

सिद्धाराम बराच वेळ वाकून राहिला. फटाक्याच्या दारूतला खडा नुसत्या नजरेनं टिपणारा माणूस.

"सगळं जांभळंच की वो, ताई." मग हळूच, "काच बदलली तर नसंल?"

तिनं काच काढून कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं नाव दाखवलं. त्यानं ते एकेक अक्षर करून वाचलं.

"सोलापूरची गाडी कवा हाय?"

"साडेबाराला."

सोबत द्यायला तिनं दुसरी काच करून ठेवली होती, पण काचेची डबी सापडेना, म्हणून तिनं कागद घेतला. सिद्धारामनं तो तिच्या हातातनं काढून घेतला आणि फटाका वळावा तसा काचेभोवती घट्ट गुंडाळला. "आता हलायची न्हाय," म्हणाला, आणि लेकीला खांद्यावर टाकून निघाला.

नंदानं काच बघताना भिंगाला लागलेलं तेल पुसलं. घरी गेल्यावर आपल्या तान्ह्या लेकीची, गौरीची, खालची पापणी ओढून लाली बघितली. मग दुसऱ्या डोळ्याचीही.