पायजम्याचा डावा पाय आणि डांबराचे डाग

मित्रांनो, मी एक जुना पायजमा आहे असे म्हणताना माझी जीभ जरा कचरते, कारण आता मी त्याचा फक्त डावा पाय उरलो आहे. उजवा पाय, म्हणजे माझा सख्खा भाऊ, फरशी पुसता पुसता झिजून गेला. आमची नाडी एका पिशवीचे तोंड बांधायला गेली. माझ्या नशिबी मात्र मोटार आली. आज माझ्या अंगावर डांबराचे काळे ठिपके आहेत आणि मी अंगणाच्या भिंतीवर उन्हात पसरलेला आहे. मला बघून तुम्ही नाक मुरडण्याआधी माझी हकीकत ऐका.

माझा जन्म चांगल्या घराण्यातला. अस्सल सुती कापड. माझ्यात पॉलिस्टरचा एक धागा जरी सापडला तरी नाव बदलीन. मला शिवून घेतले ते काकांनी. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते आणि त्यांच्या पत्नीला काकू, म्हणून मीही तेच म्हणतो. काका कारखान्यात तपासनीस होते. तयार होऊन आलेल्या मालातले दोष शोधायचे, हेच त्यांचे काम. शिंप्याकडून मला घरी आणल्यावर त्यांनी मला उलटा करून प्रत्येक शिवण ओढून पाहिली होती. दोष सापडला नाही, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा पडला.

पुढे ते नोकरीतून निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नाही. भिंतीवरचे घड्याळ केसभर तिरके आहे, चहा कपाच्या काठापासून बोटभर खाली आहे, असे काही ना काही चालूच असे. एकाच वस्तूत त्यांना कधी दोष दिसला नाही, ती म्हणजे त्यांची गडद तांबडी मोटार. "इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातून हिला एक ओरखडा पडलेला नाही," हे वाक्य गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ होते.

वर्षानुवर्षे धुऊन धुऊन मी लोण्यासारखा मऊ झालो आणि एक दिवस गुडघ्यावर फाटलो. काकूंनी कात्री चालवली. मला वाटले, संपले सगळे. पण काकांनी मला बोटांत चुरून पाहिले आणि म्हणाले, "हे गाडीला. असं फडकं विकत मिळत नाही." मित्रांनो, काकांच्या तोंडून कौतुक म्हणजे दगडातून पाणी. त्या दिवसापासून रोज सकाळी मी मोटार पुसू लागलो. काच, दार, दिवे, सगळीकडे माझा हात फिरायचा. म्हणजे पाय फिरायचा, पण ते असो.

मग बाजारातून एक निळे, केसाळ, आखूड फडके आले. खास गाड्यांसाठी बनवलेले, असे त्याच्या पाकिटावर लिहिले होते म्हणे. माझी रवानगी डिकीच्या तळाशी, जॅक आणि पान्यांच्या सोबतीला झाली. निळ्याला वर, स्वच्छ पिशवीत जागा मिळाली. मी कितीतरी दिवस अंधारात कुढत पडलो होतो. खोटे कशाला सांगू, मला त्याचा फार राग यायचा.

अशातच काकांच्या अंगावरून वारे गेले. जीव वाचला, पण उजवा पाय लुळा पडला. रुग्णालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या व्यायाम करवणाऱ्या बाईंनी सांगितले, "पाय परत चालेल, पण खंड पाडू नका. खंड पडला तर तो आखडून बसेल." सुरुवातीला भाचा न्यायला यायचा. मग त्याला कामे निघू लागली. रिक्षात काकांचा पाय चढत नसे, दोन माणसांनी उचलून बसवावे लागे आणि ते काकांना मुळीच सहन होत नसे. दोन-तीन वेळा जाणे चुकले आणि पाय खरेच आखडू लागला.

ज्या वयात बायका गुडघ्यांची गाऱ्हाणी सांगायला लागतात, त्या वयात काकू गाडी शिकल्या. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. घरी येऊन त्यांनी भांडी इतकी घासली की पातेल्यात तोंड दिसावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकायला गेल्या. पुढच्या परीक्षेत पास झाल्या. तेव्हापासून त्या काकांना रुग्णालयात नेत. काका शेजारी बसून सारखे सांगत, "हळू. गिअर बदल. अगं, किती जवळून." घरी आले की ते किल्ली मागून घेत आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवत.

पाय सुधारत होता. काका काठी टेकत फाटकापर्यंत जाऊ लागले होते. आणि मग रुग्णालयाच्या रस्त्यावर डांबर टाकायला सुरुवात झाली.

त्या दिवशी परतताना रस्त्यावरच्या कामगाराने हात करून गाडी पुढे जाऊ दिली. डांबर अजून ओले होते. मी डिकीत पडल्या पडल्या ऐकत होतो, खालून टप टप काहीतरी उडत होते. घरी पोहोचल्यावर काका उतरले, काठी टेकत गाडीभोवती फिरले आणि मागच्या चाकाजवळ थांबले. दोन्ही बाजूंच्या दारांवर खालच्या अंगाला मोहरी उधळावी तसे काळे डाग पडले होते.

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी किल्ली मागितली, खिशात टाकली आणि म्हणाले, "आता ही इथेच राहील."

"आणि परवा रुग्णालयात कसं जायचं?" काकूंनी विचारले.

"नाही जायचं."

"अहो, पाय आखडेल."

"आखडू दे. पाय माझा आहे."

काकूंनी एका डागावरून बोट फिरवून पाहिले. मग म्हणाल्या, "मी हे डाग काढले तर?"

"गाडी जशी होती तशी मला दाखव. मग किल्ली माग." एवढे बोलून काका दारातल्या खुर्चीवर बसले. तपासणीला बसल्यासारखे.

काकांची काठी काढायला उघडलेली डिकी अजून उघडीच होती. काकूंनी आधी निळ्याला उचलले. मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "नको, नवं आहे, खराब होईल," आणि जॅकखालून त्यांनी मला ओढून काढले. मित्रांनो, माझी निवड झाली ती वाया गेलो तरी चालेल म्हणून. अपमान वाटला, पण मी तो गिळला. जॅकखाली निजण्यापेक्षा कामात फाटलेले बरे.

इतक्यात शेजारचे मुकादम आले. हे काही खरे मुकादम नव्हेत. स्वतः काडी न उचलता सगळ्या गल्लीच्या कामावर देखरेख करतात, म्हणून त्यांना हे नाव पडले. त्यांच्या एका हातात पेट्रोलची बाटली होती आणि दुसऱ्या हातात ब्लेड.

"वहिनी, पेट्रोल लावा आणि ब्लेडने खरवडा. चुटकीसरशी मोकळ्या व्हाल."

"आणि रंग?"

"रंग कुठे जातोय?"

"तुमच्या गाडीचा गेलाय ना, तिथेच जाईल," काकू म्हणाल्या. मुकादम भिंतीला टेकून उभे राहिले. फुकटचा तमाशा सोडून जाणाऱ्यांतले ते नव्हते.

किल्ली काकांच्या खिशात, त्यामुळे गाडी सावलीत हलवता येत नव्हती. काकूंनी जुनी चादर आणली आणि फाटकापासून भिंतीपर्यंत बांधून गाडीवर सावली धरली. पत्रा निवेपर्यंत थांबल्या. मग दारांवर भरपूर पाणी ओतून धूळ आणि वाळू धुऊन काढली. इथवर सगळे ठीक होते. पण काकूंच्या हाताला जन्मभराची सवय घासायची. त्यांनी मला एका डागावर ठेवले आणि खसाखसा घासले. डाग निघाला नाही. उलट फासला गेला आणि त्याला काळी शेपटी फुटली.

"आणखी पसरव," खुर्चीतून आवाज आला.

काकू स्टूल ओढून त्यावर बसल्या आणि त्या शेपटीकडे बघत राहिल्या. मग तडक उठून आत गेल्या आणि स्वयंपाकघरातली तेलाची बाटली घेऊन आल्या. नव्या बरणीवरचे चिकट लेबल त्या तेल लावूनच काढतात. कितीही चिवट लेबल असो, तेल मुरले की सुटते. त्यांनी मला तेलात भिजवले आणि डागांवर नुसते दाबून ठेवले. आता थांबायचे होते, आणि काकूंना घासण्यापेक्षा थांबणे कितीतरी जड. हात वळवळायला लागले तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मुकादम जांभया देऊ लागले.

थोड्या वेळाने त्यांनी मला हलकेच सरकवले, आणि डाग माझ्याबरोबर आला. काळा रंग पातळ होऊन तपकिरी झाला होता आणि माझ्या विणीत शिरत होता. काकूंनी मला उलटून कोरी घडी वर घेतली. परत तेल, परत थांबणे, परत एक पुसणे. मळलेली घडी त्यांनी एकदाही गाडीला लागू दिली नाही. ऊन सरकले की चादर सरकवायची, पाठ दुखली की उभे राहायचे, पुन्हा बसायचे. डांबराचा वास माझ्या डोक्यात गेला होता, पण मीही इरेला पेटलो होतो. खास गाड्यांसाठी बनवलेला तो निळा पिशवीत होता आणि मी, एक फाटका पायजमा, गाडीची अब्रू राखत होतो.

एक बाजू झाली. दुसरी बाजूही होत आली. मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक मोठा डाग राहिला होता. काकूंनी तेल मुरू दिले आणि मला अलगद ओढले. डाग आला, आणि त्याच्याबरोबर नखाएवढा तांबडा पापुद्राही आला. खाली उघडा पत्रा दिसत होता.

सबंध दुपारच्या कष्टांवर पाणी पडले होते. मला त्या कोपऱ्यावर टाकून त्या गोष्ट झाकू शकल्या असत्या. काकांना वाकून बघणे तसेही अवघड होते. पण काकू उठल्या, मला हातात घेऊन खुर्चीपाशी गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "अहो, डाग गेले. पण मागच्या दाराचा रंग उडाला माझ्या हातून. जशी होती तशी नाही राहिली."

"तरी मी म्हणत होतो, पेट्रोल लावा," मुकादम म्हणाले.

काका उठले. काठी टेकत गेले, दाराला धरून कष्टाने वाकले आणि तो कोपरा पाहिला.

मित्रांनो, त्या कोपऱ्याची हकीकत जगात दोघांनाच ठाऊक होती, काकांना आणि मला. काकू बहिणीकडे गेल्या असताना काकांनी गाडी मागे घेताना ती फाटकाच्या खांबाला घासली होती. फाटकाला लावून उरलेला तांबडा रंग त्यांनी तिथे फासला आणि कडेला ओघळलेला माझ्याकडून पुसून घेतला. तो रंग पत्र्याला नीट चिकटला नव्हताच. मला वाचा असती तर मी तिथेच ओरडून सांगितले असते. पण मी काकूंच्या मुठीत लोंबत होतो. काका गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळले नसते. किल्ली त्यांच्या खिशात राहिली असती आणि त्यांची फुशारकीही.

काका सरळ उभे राहिले. "जशी होती तशीच आहे," ते म्हणाले.

"अहो, बघा तरी नीट. पत्रा दिसतोय."

"अगं, ती अशीच होती. खांबाला मी घासली होती. तू बहिणीकडे होतीस. फाटकाचा रंग फासून ठेवला होता."

मुकादमांना एकाएकी घरचे काम आठवले आणि ते बाटली घेऊन निघाले. काकू हसल्या नाहीत, की टोमणाही मारला नाही. एवढेच म्हणाल्या, "तरीच. पावसात तो कोपरा आणि फाटक एकसारखे दिसायचे."

काकांनी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. "तुझ्याकडेच ठेव. माझा खिसा फाटलाय."

खिसा फाटलेला नव्हता. मी शिवलेल्या कापडाच्या जातीचा आहे, मला शिवण कळते. पण काकूंनी मुकाट्याने किल्ली घेतली.

तर मित्रांनो, तेव्हापासून मी इथे भिंतीवर वाळतो आहे. काकूंनी मला चुरगाळून कोपऱ्यात फेकले नाही, हे फार बरे केले. तेलकट फडक्यांचा बोळा करून ठेवला तर तो आतल्या आत तापतो आणि कधी कधी पेटही घेतो. म्हणून माझ्यासारख्याला नेहमी मोकळे पसरून वाळवा. आणि कुठे काही घट्ट चिकटले असेल तर पाते घेऊन धावू नका. आधी भिजू द्या. काकूंसारखा हाडाचा घासणारा माणूस थांबायला शिकतो, तर तुम्हालाही जमेल.

आज रुग्णालयाचा दिवस. काकूंनी गाडी सुरू केली. काका शेजारी बसले, पाय त्यांनी स्वतः उचलून आत घेतला.

"लांबच्या रस्त्याने नेऊ का? तिकडे अजून डांबर ओलं आहे," काकूंनी विचारले.

"नको, वेळ चुकेल. त्याच रस्त्याने घे."

"आणि डाग?"

"काढू की. या वेळी स्टुलावर मी बसतो."

गाडी फाटकाबाहेर पडली. म्हणून सांगतो मित्रांनो, मला एवढ्यात टाकून देऊ नका. माझी एक घडी अजून कोरी आहे.