ब्याऐंशी किलोंची स्प्रिंग

मोटरसायकलला नवे शॉकअप बसले की रणजितच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या. बाइक क्लबच्या जोडीदार-राइडचं कॅप्टनपद, त्याच्या नारिंगी जाकिटासकट, आणि बायकोला जपणारा नवरा असा लौकिक. पूर्णिमाला मिळणार होती फक्त तिची पाठ, जी मुळात तिचीच होती.

तरी नाना पेठेतल्या तौफिकच्या दुकानात तिला अजून कुणी ‘बसून बघा’ म्हटलं नव्हतं. गादीच्या दुकानात आल्यासारखे क्लबचे दोघं-तिघं मागच्या सीटवर ढुंगण आपटून गेले होते. त्यातल्या विक्रमने तर गुटखा गालात सरकवून निकालही दिला होता, “गॅसवाले शॉकअप घे रे. दिसतात पण भारी.” त्या सीटवर आपल्याला बसायचंय, या विचाराने पूर्णिमाला शिसारी आली.

तिच्या कमरेतली चकती सरकली होती. दिवसभर लॅबमध्ये वाकून लोकांचं रक्त काढायचं आणि रविवारी रणजितच्या मागे बसून खड्डे मोजायचे. “गाडीचे शॉकअप बदला, नाहीतर मागची सीट सोडा,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धायरीत सासूबाईंनी तेच मराठीत सांगितलं होतं, “बाईची पाठ हाय का पाटा रं?” पण जोडीदाराशिवाय कॅप्टन होता येत नव्हतं, म्हणून रणजितने शॉकअप निवडले.

तौफिकने कोपऱ्यातला पोती तोलायचा वजनकाटा पुढे ओढला. “स्प्रिंग वजनावर बसते साहेब. दोघांनी चढा. जाकीट, हेल्मेट, सगळं घालून.”

“मी काय कांद्याचं पोतं आहे का?” रणजित हसला. “ब्याऐंशी लिही.”

“सगळे कमीच सांगतात साहेब, म्हणून तर काटा ठेवलाय.”

“अरे, जिमला जातो मी!”

जिमला तो जायचा खरा. तिथल्या ज्यूसवाल्याशी त्याची चांगली ओळख होती.

“बरं. ताई, तुम्ही तरी चढा.”

पूर्णिमा चढली. विक्रमने मान लांबवून काटा वाचला आणि पुकारला, “वहिनी पासष्ट! रणजित, मागचा टायर जप रे बाबा!” सगळे हसले. रणजितही हसला, आणि तिला सगळ्यात किळस आली ती त्या हसण्याची.

तौफिक हसला नाही. पेन थांबवून त्याने विचारलं, “ताई, साहेबांचं ब्याऐंशीच लिहू ना? स्प्रिंग मऊ पडली तर मागच्या माणसाला फटका बसतो.”

गेल्याच महिन्यात साखर तपासायला रणजित लॅबमध्ये आला होता. त्याचं वजन तिनेच कागदावर लिहिलं होतं. सत्त्याण्णव. चपला काढून.

रणजित तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत धमकी नव्हती, विनवणी होती. धमकी असती तर ती कदाचित बोललीही असती. चारचौघांत नवऱ्याचं पोट मोजायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की उत्तर विचाराआधीच बाहेर पडलं.

“लिहा,” ती म्हणाली.

मग तिला स्वतःचीही किळस आली.

रविवारी कात्रजच्या बोगद्यापर्यंत सगळं छान गेलं. शिरवळच्या अलीकडे पहिला मोठा खड्डा आला. स्प्रिंग तळाला टेकली आणि तिच्या कमरेत खालून कुणी कुदळ घातल्यासारखं झालं. “कळलं का? गाडी पोहते आहे, पोहते!” रणजित पुढून ओरडला. खंबाटकीत ती त्याचं जाकीट मुठीत धरून दात आवळून बसली. आत घामाने चिंब झालेलं ते नारिंगी पोट प्रत्येक वळणावर तिच्या मनगटांवर रेलत होतं.

वाईला चहाला थांबले तेव्हा उतरताना तिचा डावा पाय उचलेना. तोवर रणजितने मोबाईल समोर धरला होता. “तर मित्रांनो, हे शॉकअप मी खास आमच्या मॅडमसाठी घेतले. सांग ना गं, कसं वाटतंय?”

पूर्णिमाने हेल्मेट काढलं, मागच्या सीटवर ठेवलं आणि सामानाच्या पट्ट्याने घट्ट बांधलं.

“हे काय करतेस? अगं, पुढे महाबळेश्वरला फोटो आहे आपला!”

“ते बसेल तुमच्या मागे. मी एसटीने घरी जाते.”

विक्रम चहाचा कप घेऊन धावत आला. “वहिनी, झालं काय?”

“सत्त्याण्णव,” पूर्णिमा म्हणाली.

विक्रमला काही उमगलं नाही. रणजितला उमगलं. त्याने मोबाईल खाली केला आणि दुसऱ्या हाताने जाकिटाची चेन वर ओढायला लागला. ती पोटावर अडली.

स्वारगेटच्या गाडीत अर्ध्या जागा रिकाम्या होत्या. पूर्णिमा दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिली.

“ताई, बसा की,” कंडक्टर म्हणाला. “पुण्यापर्यंत उभ्या राहणार?”

“बसवत नाही.”

रणजितला जाकीट मिळालं, क्लबला व्हिडिओ मिळाला, विक्रमला रात्री सांगायला गोष्ट मिळाली. पूर्णिमाने पर्स उघडली आणि तिकिटाचे पैसे दिले. त्या सहलीत तिला पैशांनी भागवता आलं ते एवढंच; बाकीचं तिने पाठीने भरलं होतं.